भुतांचे दप्तर

गेल्या वैशाखात आमच्या गावातल्या एका हौशी जादूगाराचे कागद रद्दीत गेले. पत्र्याच्या दोन ट्रंका भरून ते होते आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर त्यांचे वजन 31 किलो भरले. गृहस्थ पेशाने प्राथमिक शिक्षक. गणेशोत्सवात, जत्रेत, लग्नघरी ते जादूचे प्रयोग करीत. पण त्यांचा खरा छंद निराळाच होता. पंचक्रोशीत कोणाच्या अंगात आले, कोणाच्या कौलांवर दगड पडू लागले, कोठे भानामतीने दांडीवरचे कपडे पेटले, की हे सायकलवर टांग मारून तेथे हजर! कोण काय बोलले, कंदील कोठे होता, दार प्रथम कोणी उघडले, हे सारे ते वहीत टिपून ठेवीत. त्याच वह्यांत पायाने वाजवावयाच्या पेटीचा आराखडा होता, एकाच नटाने आरशासमोर करावयाचे दोन अंकी नाटक होते, आणि मांजराला सलाम करावयास शिकविण्याचा वीस दिवसांचा कार्यक्रमही होता.

ते वारल्यावर पुतण्याने ट्रंका एका ग्रंथालयात नेल्या. कार्यवाहांनी वरचे चार कागद चाळले आणि “आम्ही वाङ्मय सांभाळतो, चेटूक नव्हे,” असे म्हणून त्या परत पाठविल्या. येथवर तक्रार नाही. जागा अपुरी असते, माणसे थोडी असतात. परंतु पुढे एका बैठकीत आमच्या एका विद्वान मित्रांनी या नकाराची तोंड भरून स्तुती केली. असले दप्तर म्हणजे निव्वळ कचरा, तो जपणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी, आणि जादूगार हा मुळात फसविण्याचाच धंदा करणारा, तेव्हा त्याच्या टिपणांवर विश्वास तो काय ठेवावयाचा, असे त्यांचे तीन आक्षेप. हा लेखनप्रपंच त्या आक्षेपांसाठी आहे.

विद्वानांना स्वदेशी दाखला पटत नाही, म्हणून विलायतेतला देतो. हॅरी प्राइस हा 1881 साली लंडनमध्ये जन्मलेला, कागदाच्या व्यापारात नोकरी करणारा, हातचलाखीचा नाद असलेला गृहस्थ. प्रसिद्धीचा हव्यास इतका की स्वतःचे बालपणदेखील त्याने आत्मचरित्रात सोयीप्रमाणे रंगविले. याने जन्मभर दोनच गोष्टी केल्या: भुतांचा पाठलाग केला आणि कागद जमविले. मृतात्म्यांची छायाचित्रे काढून देणाऱ्या विल्यम होपकडे तो 1922 साली गेला, तो गुप्त खूण केलेल्या काचा घेऊन. छायाचित्रात आत्मा उमटला, परंतु काचेवरची खूण मात्र नाहीशी झाली! काच बदलली गेली होती, हे सांगावयास कोणा आत्म्याची गरज उरली नाही. हेलन डंकन नावाच्या बाईंच्या मुखातून परलोकीचे द्रव्य बाहेर पडत असे. प्राइसने 1931 साली त्याची छायाचित्रे घेतली, आणि त्यांत बाजारात मिळणाऱ्या जाळीदार कापडाची वीण स्पष्ट दिसली.

त्याचे उद्योग याहूनही विक्षिप्त होते. 1932 साली, गटेच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने, तो जर्मनीतल्या ब्रॉकेन पर्वतावर एक बोकड घेऊन गेला. जुन्या पोथीतला विधी यथासांग केला तर बोकडाचा देखणा तरुण होतो, असे लिहिले होते. मंत्र झाले, वर्तुळ आखले, शुद्ध अंतःकरणाची कुमारिका उभी केली, साक्षीला प्राध्यापक जोड यांच्यासारखा तत्त्वज्ञ होता. बोकड बोकडच राहिला. लोक हसले. पण प्राइसचे म्हणणे असे की, पोथीत लिहिलेले खोटे आहे हे करून दाखविल्यावाचून कसे म्हणावे? या एका वाक्यापुरता तरी मी त्याचा चाहता आहे.

आयल ऑफ मॅन या बेटावर एका शेतकरी कुटुंबाच्या घरात बोलणारे मुंगूस राहते, अशी 1931 पासून वदंता होती. त्या मुंगसाचे नाव जेफ, आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याचा जन्म 1852 साली दिल्लीत झालेला! आपल्या देशाने जगाला काय काय दिले याच्या याद्या करणाऱ्यांनी हे नाव गाळू नये. 1935 साली प्राइस आणि आर. एस. लॅम्बर्ट हे दोघे तेथे गेले. मुंगूस अर्थातच दौऱ्यावर गेलेले. त्याचे म्हणून जे केस मिळाले, ते तज्ज्ञाने तपासले तेव्हा कुत्र्याचे निघाले. घरात कुत्रा होताच. दोघांनी यावर 1936 साली पुस्तक लिहिले. त्याच वर्षी, मुंगसावर विश्वास ठेवणारा मनुष्य जबाबदारीच्या पदाला अपात्र आहे, असे म्हणणाऱ्या एका प्रतिष्ठिताला लॅम्बर्टने न्यायालयात खेचले आणि 7,500 पौंडांची नुकसानभरपाई मिळविली. एका अदृश्य मुंगसाने एवढा व्यवहार केला. सदेह माणसांना तो साधत नाही.

आता पहिला आक्षेप घेऊ. हा कचरा आहे काय? प्राइसने जमविलेली सुमारे 13,000 पुस्तके व पत्रके 1936 सालापासून लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. 1948 साली तो मेला तेव्हा मृत्युपत्राने ती विद्यापीठाचीच झाली. विद्यापीठाने ती विकली नाहीत. या संग्रहात रेजिनाल्ड स्कॉटचे चेटकावरचे 1584 सालचे पुस्तक आहे. चेटकीण ठरवून म्हाताऱ्या बायकांना फासावर चढविण्याच्या त्या काळात स्कॉटने काय केले? बाजारातले जादूगार नाणे कसे नाहीसे करतात, शीर तुटल्याचा देखावा कसा उभा करतात, हे सविस्तर लिहिले. हातचलाखीची कृती हा न्यायाधीशाविरुद्धचा युक्तिवाद झाला. आमच्या मित्रांच्या ग्रंथालयात हे पुस्तक त्या काळी आले असते, तर वरची चार पाने चाळून तेही परत गेले असते. अमेरिकेत हूडिनी 1926 साली वारला. त्यानेही परलोकविद्येवरचा आपला संग्रह काँग्रेसच्या ग्रंथालयाला ठेवला, आणि त्या संस्थेने नाक मुरडले नाही.

दुसरा आक्षेप, अंधश्रद्धेला खतपाणी. मी उलट म्हणतो. अंधश्रद्धा टिपणावर पोसत नाही, ती विस्मरणावर पोसते. 1935 च्या सप्टेंबरात काश्मीरचा खुदाबक्ष हा जादूगार इंग्लंडात धगधगत्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालला, तेव्हा प्राइसने निखाऱ्यांचे तापमान मोजले, डॉक्टरांकडून चालण्यापूर्वी व नंतर तळपाय तपासून घेतले, चित्रफीत काढली. त्यातून कळले ते एवढेच की मंत्रतंत्र लागत नाही. पाय क्षणभर टेकतो आणि लाकडाचा कोळसा उष्णता सावकाश सोडतो. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव निखाऱ्यांवरून चालून दाखवितात ते याच ज्ञानाच्या बळावर. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपती दूध प्याले. पृष्ठताण नि केशाकर्षण यांची नावे सांगून शास्त्रज्ञांनी खुलासा केला आणि तो बरोबरच होता. पण आमच्या गल्लीत पहिला चमचा कोणी धरला, फोन कोणाचा आला, रांगेत उभ्या असलेल्या पदवीधराने स्वतःची समजूत कशी घातली, हे कोणी लिहून ठेवले? आमच्या शिक्षकांनी ठेवले होते. ती वही एकतीस किलोंतच होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 2013 साली खून झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायद्याला गुन्हा लागतो, गुन्ह्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे कोणीतरी वेळेवर लिहिलेला कागद. तो कागद रद्दीत घालणाऱ्याने स्वतःस बुद्धिवादी म्हणवून घेऊ नये.

उरला तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार. जादूगार खोटा असतो! मान्य. प्राइसही पुष्कळदा खोटा होता. इंग्लंडातले सर्वाधिक झपाटलेले घर म्हणून त्याने बोर्ली गावच्या धर्मगुरूच्या वाड्याचा डंका पिटला. 1937 साली तो वाडा वर्षभर भाड्याने घेतला, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निरीक्षक गोळा केले, 1940 साली पुस्तक लिहून नाव कमावले. वाड्यात खडे पडत. तेव्हा प्राइसच्या खिशात खडे सापडले, असे एका वार्ताहराने त्याच्या मृत्यूनंतर लिहिले. 1956 साली डिंगवॉल, गोल्डनी व हॉल या तिघांनी या प्रकरणाची छाननी करून त्याची अब्रू वेशीवर टांगली. पण वाचकहो, त्यांनी ती कशाच्या आधारे टांगली? मुख्यतः प्राइसच्याच कागदांच्या! पुस्तकात एक आणि मूळ टिपणात दुसरे, हे त्यांना दिसले, कारण ती टिपणे त्याने फाडली नव्हती आणि विद्यापीठाने ती जपली होती. पुढे 1969 साली रॉबर्ट हेस्टिंग्ज याने प्राइसची बाजू मांडली, तीही तेच दप्तर उघडून.

म्हणजे फिर्याद दप्तराची आणि बचावही दप्तराचाच. खोट्या माणसाचे कागद खरे बोलू शकतात. फक्त ते जिवंत असावे लागतात. प्रामाणिक माणसांचेच कागद ठेवावयाचे असा नियम केला, तर प्रथम प्रामाणिकपणा ठरवावा लागेल, आणि तो ठरविणार कोण? वरचे चार कागद चाळणारे कार्यवाह?

खरी गोष्ट अशी आहे की आपल्याला कागदाची प्रतिष्ठा कळते, उपयोग कळत नाही. कवीचे हस्तलिखित आपण काचेत ठेवतो, मोडी दफ्तरातला सरदाराचा हिशोब डोळ्यांत तेल घालून वाचतो. गारुड्याचा, बहुरूप्याचा, तमाशातल्या सोंगाड्याचा, शाळामास्तर-जादूगाराचा कागद मात्र कागदच नव्हे! आणि मग पन्नास वर्षांनी, सामान्य माणूस भीत कशाला होता आणि हसत कशाला होता, याचा शोध घेण्यासाठी आपण शिष्यवृत्त्या जाहीर करतो.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने एक कपाट अशा दप्तरांसाठी राखावे. त्यावर “विश्वास ठेवू नये” अशी पाटी खुशाल लावावी. वाचू नये अशी लावू नये. कपाटाला पैसे नसतील तर निदान ट्रंका परत पाठविण्यापूर्वी आतल्या वह्यांची यादी करावी.

जाता जाता स्वतःविषयी. पुतण्या त्या ट्रंका हातगाडीवर घालून परत चालला होता तेव्हा मी नाक्यावर चहा पीत बसलो होतो. मला सारे ठाऊक होते. माझ्या घरी माळा रिकामा आहे. “अरेरे, वाईट झाले,” एवढे मी म्हणालो आणि दुसरा कप मागविला. आमच्या विद्वान मित्रांनी निदान आपले मत बैठकीत उघडपणे मांडले. मी ते न मांडताच अमलात आणले. तेव्हा वर जे कठोर शब्द आले आहेत, त्यांतला माझा वाटा मी आधीच उचलला आहे, असे समजावे.