दुर्गम कुणाला?

जव्हार आणि मोखाडा ही नावे मराठी वृत्तपत्रांत क्वचितच एकटी येतात. त्यांच्यापुढे ‘दुर्गम’ हे विशेषण ठरलेलेच. बातमी बालमृत्यूची असो, पाणीटंचाईची असो की रिक्त जागांची. ‘दुर्गम भागातील’ असे लिहिले की बातमीदार मोकळा होतो. या शब्दाला आमची हरकत आहे.

दुर्गम म्हणजे जिथे जाणे कठीण. पण कुणाला कठीण? पाड्यावर जन्मलेल्या माणसाला पाडा दुर्गम नसतो. ते त्याचे घर असते. त्याला दुर्गम असतो तो दवाखाना, दुर्गम असते ती तहसील कचेरी. हा शब्द मात्र शहरातून निघालेल्या माणसाच्या सोयीने अंतर मोजतो. एवढ्यावर भागले असते तर आम्ही सोडून दिले असते. पण तो हळूच कारणाच्या जागी जाऊन बसतो आणि सगळा दोष डोंगराच्या माथी मारतो. डोंगरावर चौकशी बसत नाही, डोंगराला निलंबित करता येत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशीच्या मरकटवाडीत एका बाईची सातव्या महिन्यातच प्रसूती झाली. जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या आईला झोळीत घालून निसरड्या वाटेने रस्त्यापर्यंत आणावे लागले. तिथे रस्ता नव्हता, कारण तो कुणी बांधला नव्हता. ‘दुर्गम’ म्हटले की हे ‘कुणी’ बातमीतून गायब होते.

आता त्याच तालुक्यातले कोचाळे पाहा. तिथे मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले. २०१४ साली ते पूर्ण झाले. मुंबईला रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. तिथे सिमेंट पोहोचले, यंत्रे पोहोचली, अभियंते पोहोचले; शंभर मीटरहून उंच भिंत उभी राहिली. तेव्हा डोंगर आडवा आला नाही. मुंबईच्या नळाला जो तालुका सुगम आहे, तो बाळंतिणीलाच दुर्गम कसा?

वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीत हेच जव्हार ‘निसर्गरम्य’ होते. राजवाडा, दाभोसा धबधबा, वारली चित्रे, थंड हवा! जिथे १९१८ पासून नगरपालिका आहे, ते गाव रविवारी रम्य आणि सोमवारी दुर्गम! १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१६ मध्ये मोखाड्यातील खोच गावच्या मुलाचा मृत्यू गाजला. सरकारे बदलली, जिल्हा बदलला, विशेषण तेवढे तसेच राहिले.

हे आम्हा मुसलमानांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा यांच्यापुढे ‘संवेदनशील’ हा शब्द असाच चिकटवला जातो. तिथली गटारे, यंत्रमाग, शाळा, दवाखाने यांची बातमी त्या एका शब्दाखाली दबून जाते. वस्तीविषयी बोलतो असे दाखवणारा तो शब्द खरे तर पोलीस बंदोबस्ताच्या नजरेतून आलेला असतो. ‘दुर्गम’ आणि ‘संवेदनशील’ ही एकाच टाकसाळीतली नाणी आहेत. आपल्या मोहल्ल्यावर मारलेला शिक्का आपल्याला बोचतो. मग वारली, कोकणा, ठाकर, कातकरी बांधवांवरचा शिक्का आपण निमूटपणे का वाचावा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. ‘दुर्गम’ खोडा आणि पाड्यापासून डांबरी रस्ता किती किलोमीटरवर आहे ते लिहा. तो बांधण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, मंजुरी कधी मिळाली, पैसा कुठे अडला ते लिहा. आरोग्य केंद्रात डॉक्टरांची पदे किती आणि भरलेली किती, तेही लिहा. आमच्यातले जे तरुण आज वृत्तपत्रांत काम करतात, त्यांनी ही सुरुवात आपल्या पुढच्याच बातमीपासून करावी.