दोन पोत्यांचे मोल

दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट जिंकले आणि अमेरिकेकडे जाणारा सावरीचा कापूस थांबला. नाविकांची जीवरक्षक जाकिटे भरावयाची कशाने? भंगार लोखंड व जुने रबर गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांकडे १९४४ मध्ये नवे काम आले: आपल्या रुईच्या कुळातील ‘मिल्कवीड’ या रानझाडाच्या शेंगा वेचणे. त्यांतील तंतू हलके व पाण्यावर तरंगणारे. मुले शेंगा कांद्याच्या जाळीदार पोत्यांत भरून कुंपणावर वाळत टाकीत. वाळल्या पोत्यास २० सेंट मिळत आणि दोन पोत्यांत एक जाकीट भरे. बँकेत पुष्कळ तारण तपासले. इतक्या स्वस्त मालावर एवढी मोठी हमी क्वचितच आढळली. युद्ध संपले आणि मिल्कवीड पुन्हा तण ठरले.