कोळशाचें ऋण

वर्गांतील बटण दाबतांच दिवा लागतो. हा उजेड कोठून आला, असें विचारलें तर विद्यार्थी 'तारेंतून' असें उत्तर देतात. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. महाराष्ट्रांतील पुष्कळसा उजेड अजून भूमीच्या पोटांतून येतो. चंद्रपूरचें २,९२० मेगावॉट क्षमतेचें वीजकेंद्र कोळशावरच चालतें, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यांत हजारों कुटुंबांची चूल खाणीच्या मजुरीवर पेटते. उद्यां ह्या खाणी बंद झाल्या तर आपणांस दुसरा उजेड मिळेल. पण त्या चुलींचें काय, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो.

ज्या देशानें कोळशाच्या बळावर जगावर राज्य केलें, त्या इंग्लंडाकडे प्रथम पाहूं. १८६५ सालीं जेव्हन्स नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें आपल्या देशबांधवांस इशारा दिला होता कीं, कोळसा एकाएकीं संपणार नाहीं, पण तो अधिकाधिक खोल व महाग होत जाईल. तेव्हां पुष्कळांस ही भीति अवास्तव वाटली. १९१३ सालीं ब्रिटनमध्यें सुमारें २९ कोटि टन कोळसा निघाला आणि दहा लाखांहून अधिक माणसें खाणींत राबत होतीं. पुढें तेल, वायु व परदेशचा स्वस्त कोळसा आला, आणि खाणी तोट्यांत जाऊं लागल्या. १९८४ च्या मार्चमध्यें खाण-कामगारांनीं संप पुकारला; तो वर्षभर चालून मोडला. त्यानंतर खाणी झपाट्यानें बंद पडल्या. २०१५ च्या डिसेंबरांत शेवटची खोल खाण मिटली व ३० सप्टेंबर २०२४ रोजीं कोळशावरील शेवटचें वीजकेंद्रही थांबलें. जमिनींत कोळसा शिल्लक होता. संपलें होतें तें त्याचें मोल. परंतु ज्या गांवांत खाणीवांचून दुसरा उद्योगच नव्हता, तेथें बापाबरोबर मुलाचीही वाट बंद झाली.

आतां जर्मनीतील रूर प्रांत पहा. तेथेंही खाणी तोट्यांतच होत्या. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत सहा लाख माणसें दगडी कोळशाच्या धंद्यांत होतीं. मात्र तेथें सरकार, मालक व कामगार एकत्र बसले, आणि खाणी टप्प्याटप्प्यानें मिटवीत गेले. वयस्क कामगारांस लवकर निवृत्तिवेतन, तरुणांस नवें शिक्षण, अशी ती योजना होती. ज्या बोखुम शहरांत खाणी मिटत होत्या, तेथेंच १९६५ सालीं नवें विद्यापीठ सुरू झालें. २०१८ च्या डिसेंबरांत शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली. ह्या मार्गानें सर्व दुःख टळलें असें नव्हे. बेकारी तेथेंही राहिली, आणि सरकारी तिजोरीवर फार मोठा भार पडला. शिवाय जुन्या खाणींतील पाणी तेथें निरंतर उपसावें लागतें. तरीपण निरोपाची तयारी आधीं केली तर माणूस उघड्यावर पडत नाहीं, एवढें रूरनें दाखवून दिलें.

कोणी म्हणतील, काळाबरोबर धंदे बदलतातच. त्याला इलाज काय? धंदे बदलतात हें आम्हांस मान्य आहे. कोळशाच्या धुरानें हवा बिघडते व पृथ्वीचा ताप वाढतो, म्हणून हा बदल इष्टही आहे. पण बदलाचा लाभ सर्वांनीं घ्यावा आणि त्याची किंमत मात्र खाणीच्या तोंडाशीं राहणाऱ्यांनींच मोजावी, हा न्याय नव्हे. ज्यांच्या घामावर आपण दिवे लावले, त्यांचें आपण देणें लागतों.

सुदैवानें आपल्याला अवधि आहे. २०२४-२५ सालीं भारतांत १०० कोटि टनांहून अधिक कोळसा निघाला, म्हणजे उतार अजून लागलेला नाहीं. पण २०७० पर्यंत कर्ब-उत्सर्जनाचा हिशेब शून्यावर आणूं, असें वचन देशानें २०२१ सालीं ग्लासगो येथें दिलें आहे. आज पंधरा वर्षांचा विद्यार्थी त्या वर्षीं साठीच्या घरांत असेल; अर्थात् हा सारा बदल त्याच्याच हयातींत व्हावयाचा आहे. खाणबाधित भागांसाठीं २०१५ च्या कायद्यानें जिल्हा खनिज प्रतिष्ठानें स्थापन झालीं. त्यांच्या निधीचा मोठा वांटा खाण-कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाकडे व नव्या धंद्यांच्या तयारीकडे आतांच वळवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. खाण मिटल्यावर काढलेली शाळा एक पिढी उशिरां पोंचते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, विजेचें बिल भरतांना मुलांस जवळ बसवावें, आणि त्या आंकड्यामागें कोणाचे हात आहेत तें सांगावें. आणि विद्यार्थ्यांनों, रिकाम्या खोलींतील दिवा बंद करण्यास विसरूं नका. त्यानें खाणकामगाराचें देणें फिटणार नाहीं. पण देणें आहे, ह्याची आठवण राहील.