केमिस्टने एक प्रश्न विचारावा



मुंबईत करी रोड स्टेशनबाहेर पानटपरी आणि औषधाचे दुकान यांत फारसे अंतर नसते, आणि गिऱ्हाईकही बऱ्याचदा तेच. सकाळी टपरीवर सुटी सिगारेट घेणारा संध्याकाळी काउंटरवर खोकल्याचे औषध मागतो. (सुट्या सिगारेटी-विड्या विकायला राज्यात सप्टेंबर 2020 मध्येच बंदी आली, हे टपरीवाल्याला सांगून पाहावे!) केमिस्ट बाटली देतो, पैसे घेतो. ‘ओढता का?’ एवढे मात्र विचारत नाही.

खरे तर ते त्याचेच काम आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समुपदेशन करणे ही नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारी मानली आहे. शिवाय माल त्याच्याच फळीवर असतो. 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, पण तो चघळायचा कसा, हे सांगतो कोण? साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, मळमळते आणि ‘याने काही होत नाही’ म्हणत माणूस पुन्हा टपरी गाठतो. तो हळूहळू चावून, तोंडात झिणझिणले की गालात दाबून ठेवायचा असतो. त्याआधीची पंधरा मिनिटे कॉफी किंवा थंड पेय टाळायचे. एवढे सांगायला मिनिटभर पुरे.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समजही काउंटरवरच खोडता येईल. मुंबई शहरातल्या पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखूला कधीच न शिवलेल्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका 1.37 पट, तर विडी ओढणाऱ्यांत 1.64 पट आढळला.

मात्र प्रश्न फक्त धुराचा ठेवून चालणार नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. दात दुखतो म्हणून गोळी मागणाऱ्या बाईला ‘मशेरी लावता का?’ असे विचारणारा केमिस्ट लालबाग-परळला जास्त उपयोगी पडेल.

गर्दीच्या वेळी हे जमणार नाही, काउंटरवर बरेचदा फार्मासिस्ट नसून पोऱ्याच असतो, हे आक्षेप खोटे नाहीत. म्हणूनच कामाचा मोबदला ठरायला हवा. इंग्लंडमध्ये 2022 पासून रुग्णालयात तंबाखू सोडायला लागलेल्या रुग्णाला घरी जाताना जवळच्या औषध दुकानाकडे सोपवण्याची सोय आहे. पुढचा पाठपुरावा फार्मासिस्ट करतो आणि सरकार त्याचे पैसे देते. करी रोडच्या शेजारी परळला टाटा आणि केईएम अशी दोन मोठी रुग्णालये आहेत. टाटा रुग्णालय तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनच्या केंद्रांपैकी एक. महापालिकेने या दोन्ही ठिकाणांहून सुटणाऱ्या रुग्णांसाठी आसपासच्या काही दुकानांत सहा महिने असा प्रयोग करावा, प्रत्येक पाठपुराव्यामागे फार्मासिस्टला ठरावीक रक्कम द्यावी आणि फार्मासिस्ट दुकानात हजर नसेल त्या दुकानाला योजनेबाहेर ठेवावे. तोवर केमिस्टांनी निदान 1800-11-2356 हा हेल्पलाइनचा मोफत क्रमांक बिलावर छापावा. त्याला ना परवानगी लागते, ना निधी.

— एक वाचक, करी रोड