रस्त्यांतील खड्डा आणि घरांतील मौन

आपल्या पांढरपेशा घरांत कांहीं वाक्यें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं असतात. "जाऊं द्या, कोण नादीं लागणार!" हें त्यांपैकींच एक. नुकसान सोसावें, चार दिवस चुटपुटावें आणि विषय सोडून द्यावा. सरकारदरबारीं अर्ज घेऊन उभें राहणें हें कज्जेदलालाचें लक्षण, अशी आपली समजूत. मींहि सारा जन्म ही समजूत शहाणपणाची मानली, आणि वर्गांतील मुलांनाहि नकळत तीच शिकविली असेल. गेल्या पावसाळ्यांत मात्र ती मला सोडावी लागली. ती कशी, हें आज सांगावयाचें आहे. कारण हें मासिक ज्या घरांत जातें त्यांतील बहुतेकांच्या दारांत एखादें तरी वाहन उभें असतें, आणि तें ज्या रस्त्यांवरून जातें त्यांचें वर्णन मीं करावयास नको.

भाद्रपदांतील एका रात्रीं माझा थोरला मुलगा व सूनबाई एका आप्तांकडील गणपतीची आरती आटोपून मोटारीनें परत येत होतीं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीं पाण्याच्या नळासाठीं खणलेला चर वरवर मातीनें बुजविलेला होता. पावसानें ती माती खचली, खड्डा पाण्यानें भरला, आणि दिव्याच्या उजेडांत तो डांबरासारखाच दिसूं लागला. मोटारीचें पुढचें डावें चाक नेमकें त्यांत गेलें. टायर फाटला, रिम वांकली, खालचा एक सांधा निखळला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं गॅरेजवाल्यानें १३,८५० रुपयांचें बिल हातीं ठेवलें.

सूनबाई एका कचेरींत हिशेबाचें काम पाहते. ती म्हणाली, "मामंजी, ही रक्कम महापालिकेकडे मागावयास हवी. अर्ज मी आजच लिहितें." मी हसलों. म्हटलें, "अग, तेरा हजारांसाठीं तेरा हेलपाटे! आपल्याला देवानें तेवढें दिलें आहे." ती म्हणाली, "मग निदान तिथें खड्डा आहे एवढें तरी कळवूं." त्यावर मी बोललों, "एवढा मोठा खड्डा कोणाला दिसत नाहीं काय? त्यांत कळवावयाचें तें काय?" वडील माणसाचा शब्द म्हणून ती गप्प राहिली. वादांत मी जिंकलों, असें मला वाटलें.

नवव्या दिवशीं सकाळीं आमचा दूधवाला आला नाहीं. पहाटेच्या अंधारांत त्याची मोटारसायकल त्याच खड्ड्यांत आडवी झाली होती. उजव्या मनगटाचें हाड मोडलें, दूध रस्त्यावर वाहून गेलें, आणि डॉक्टरांनीं सहा आठवडे हात गळ्यांत बांधावयास सांगितला. सहा आठवडे हात बांधला म्हणजे त्या घराची चूलहि बांधली गेली. मी त्याला पाहावयास गेलों तेव्हां त्यानें माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, तुमची गाडीपण तिथंच आपटली म्हणे. तेव्हांच कुणी चार दगड जरी लावले असते..." वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं. ज्या सोशिकपणाचा मला अभिमान वाटत होता, त्याची किंमत मीं दिली नव्हती. ती त्यानें दिली होती.

त्या संध्याकाळीं मीं सूनबाईला अर्ज लिहावयास सांगितलें, आणि स्वतः पुस्तकें काढून बसलों. प्रजेनें राजसत्तेपाशीं भरपाई मागणें हें आपल्या परंपरेला धरून आहे काय, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर शोधावयास फार दूर जावें लागलें नाहीं. चोरीस गेलेलें द्रव्य राजानें प्रजेस परत मिळवून द्यावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. तें हातीं न लागल्यास कोशांतून भरून द्यावें, असें गौतमाचें धर्मसूत्र सांगतें. कौटिल्याचेंहि मत हेंच. आपस्तंब तर याच्याहि पुढें जातो: नगराभोंवतीं एक योजन आणि गांवाभोंवतीं एक कोस एवढ्या टापूंत जें चोरीस जाईल, तें रक्षणासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडूनच भरून घ्यावें, असा त्याचा दंडक आहे. हे नियम चोरीचे आहेत, खड्ड्याचे नव्हेत, हें मी विसरत नाहीं. रस्त्यांपुरतें पाहिल्यास अर्थशास्त्रांत रस्त्यावर माती टाकणारास एक अष्टमांश पण आणि चिखलपाणी तुंबविणारास पाव पण दंड सांगितला असून, राजमार्गावर तो दुप्पट आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशीं एकच विचार दिसतो. जो कर घेतो त्यानें रक्षण केलें पाहिजे. आणि रक्षणांत उणें पडलें तर तें ज्याच्या हातून पडलें त्यानें भरून दिलें पाहिजे. भरपाई मागणें ही याचना नव्हे. तो हिशेब आहे.

नवल असें कीं, ज्या इंग्लंडच्या न्यायपद्धतीचा आपल्या न्यायालयांवर एवढा ठसा आहे, तेथें दीर्घकाळ याच्या उलट नियम होता. १७८८ सालीं रसेल नांवाच्या एका गृहस्थाचा मालाचा गाडा नादुरुस्त पुलामुळें मोडला. पूल दुरुस्त राखण्याची जबाबदारी डेव्हन परगण्याच्या रहिवाशांवर होती. म्हणून त्यानें त्या सर्वांवर फिर्याद केली. न्यायालयानें ती काढून टाकली. रहिवाशांपाशीं पैसे देण्याजोगा समाईक निधि नाहीं, आणि असा एक दावा मान्य केला तर दाव्यांना अंत राहणार नाहीं, अशीं कारणें दिलीं गेलीं. लोकांची गैरसोय होण्यापेक्षां एकट्यानें नुकसान सोसलेलें बरें, असा एकूण सूर होता. मी वाचतां वाचतां थांबलों. कारण माझ्याच घरांत मीं लावलेला सूर याहून निराळा नव्हता! पुढें रस्ते सांभाळणारीं मंडळें झालीं, त्यांना निधि मिळाले, तरी रस्ता नुसता दुरुस्त न केल्याबद्दल त्यांना जबाबदार धरावयाचें नाहीं हा नियम टिकला. तो १९६१ च्या कायद्यानें रद्द झाला. आज तेथें १९८० च्या 'हायवेज ॲक्ट'प्रमाणें भरपाई मागतां येते. मात्र आपण वाजवी दक्षता घेतली होती असें मंडळानें सिद्ध केलें तर तें सुटतें. तें ठरवितांना, धोका मंडळास ठाऊक होता काय, किंवा ठाऊक असावयास हवा होता काय, हें पाहिलें जातें.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरानें तर हा 'ठाऊक असण्याचा' प्रश्न कायद्यांतच घालून ठेवला आहे. रस्त्यांतील दोषाची लेखी सूचना शहरास आधीं मिळालेली असावी आणि त्यानंतर १५ दिवसांत दुरुस्ती झालेली नसावी, तरच सामान्यतः शहर जबाबदार ठरतें. हा नियम आल्यावर तेथील वकिलांनीं १९८२ सालीं एक संस्थाच काढली. तिनें माणसें पाठवून पदपथांवरील खांचखळग्यांचे नकाशे करविले व ते शहराच्या कचेरींत दाखल केले. पुढें कोणी पडल्यास सूचना आधींच पोंचलेली असावी, हा हेतु. यांत वकिलांचा स्वार्थ होता, हें उघड आहे. परंतु आपल्याला घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, पहिल्यानें दिलेल्या लेखी सूचनेचा लाभ दुसऱ्यास मिळतो. "त्यांत कळवावयाचें तें काय?" या माझ्या प्रश्नाचें उत्तर मला येथें मिळालें. खड्डा हजारांच्या डोळ्यांना दिसतो. पण कोणीतरी लिहून दिल्यावांचून तो दप्तराला दिसत नाहीं.

आतां आपल्याकडील स्थिति पाहूं. मुंबईखेरीज महाराष्ट्रांतील महापालिकांस १९४९ चा महापालिका अधिनियम लागू आहे, आणि सार्वजनिक रस्ते सुस्थितींत ठेवणें हें त्यांत महापालिकेचें आवश्यक कर्तव्य सांगितलें आहे. कर्तव्यांत कसूर झाल्याबद्दल दावा लावावयाचा तर कलम ४८७ प्रमाणें एक महिन्याची लेखी नोटीस आधीं द्यावी लागते, आणि दाव्याचें कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल करावा लागतो. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमांतहि अशीच अट आहे. रस्ता राज्य सरकारचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणें नोटिशीची मुदत दोन महिन्यांची. म्हणून रस्ता कोणाचा, हें पहिल्याच दिवशीं शोधावें. "पाऊस संपूं दे, दिवाळी होऊं दे" असें म्हणत बसणाराचा हक्क मुदतीच्या पलीकडे जातो.

शरीराला इजा झाली असेल तर मार्ग आतां पुष्कळ सुकर झाला आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, सुरक्षित रस्ता हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. खड्ड्यामुळें किंवा उघड्या गटारामुळें मृत्यु आल्यास वारसांना ६ लक्ष रुपये, आणि इजा झाल्यास तिच्या स्वरूपाप्रमाणें ५० हजारांपासून अडीच लक्षांपर्यंत रक्कम द्यावयाची आहे. महापालिकेच्या हद्दींत ही रक्कम आयुक्त व जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिति ठरविते. अर्जानंतर सहा ते आठ आठवड्यांत पैसे न दिल्यास ९ टक्के व्याज, आणि दिलेली रक्कम कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडून वा कंत्राटदाराकडून वसूल करण्याची मोकळीक! आपस्तंबाची आठवण व्हावी, असाच हा निर्णय आहे. नजरेस आणून दिलेला खड्डा ४८ तासांत बुजविला पाहिजे, असेंहि त्यांत म्हटलें आहे. हे तास कोणीतरी कळविल्यावरच मोजले जाणार, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. मात्र हा निर्णय मृत्यु व इजा यांपुरता आहे. मोटारीच्या मोडतोडीसाठीं नोटीस व दावा हाच जुना मार्ग उरतो. नाहींतर आपला विमा. विमा कंपनीनें रक्कम दिली असेल तर तीच पुन्हां महापालिकेकडे मागणें मात्र अप्रामाणिकपणाचें होय.

आम्हीं काय केलें तें सांगतों. सूनबाईनें त्या रात्रींच खड्ड्याचें छायाचित्र घेऊन ठेवलें होतें. त्यांत कोपऱ्यावरील दुकानाची पाटी दिसत होती, आणि तारीखवेळहि नोंदलेली होती. माझ्या बोलण्यामुळें ती याबद्दल कांहीं बोलली नव्हती, एवढेंच. गॅरेजवाल्याकडून चाक कशानें वांकलें हें लिहून घेतलें, पैसे दिल्याची पावती जोडली, फाटलेला टायर टाकून न देतां माळ्यावर ठेवला. शेजारच्या दोघांनीं साक्षीदार म्हणून नांवें दिलीं. माहितीच्या अधिकाराखालीं १० रुपये भरून, चर कोणत्या कंत्राटदारानें खणला, तो बुजविण्याची जबाबदारी कोणाची, आणि पूर्वीं कोणाची तक्रार आली होती काय, हें विचारलें. मग अर्ज घेऊन मी स्वतः कचेरींत गेलों. आवक क्रमांक व शिक्का घेतल्यावांचून परतलों नाहीं. नोटीस वकिलांकरवीं निराळी दिली.

कोणी म्हणतील, महापालिकेचा पैसा तो आपलाच पैसा. मग या हातानें कर देऊन त्या हातानें मागण्यांत काय हंशील? हा आक्षेप पोकळ नाहीं. पण ज्या चुकीची किंमत चुकणारास कधींच मोजावी लागत नाहीं, ती चूक वर्षानुवर्षें तशीच राहते, आणि तिची किंमत दूधवाल्यासारखा मनुष्य आपल्या हाडांनीं मोजतो. दुसरे म्हणतील, हेलपाट्यांना अंत नाहीं. तेंहि खरें. परंतु लिहितां-वाचतां येणारा, निवृत्तिवेतनावर स्वस्थ बसलेला माझ्यासारखा मनुष्य जर हे हेलपाटे घालणार नसेल, तर पहाटे चार वाजतां उठून घरोघर दूध घालणारानें ते केव्हां घालावे?

अर्ज दिल्यापासून चौथ्या दिवशीं खड्डा बुजला. आमच्या १३,८५० रुपयांचा अद्याप पत्ता नाहीं. सहा महिन्यांची मुदत संपण्याची तारीख सूनबाईनें दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहून ठेवली आहे. दूधवाल्याचा अर्ज मीं माझ्या हातानें लिहिला. रुग्णालयाच्या कागदांबरोबर त्याला आमचें छायाचित्र व गॅरेजचें बिलहि जोडलें. त्याच्या अपघाताच्या नऊ दिवस आधीं तो खड्डा तेथें होता, हें त्यावरून दिसतें. त्याच्या अर्जाचा निकाल काय लागेल तो लागो. अर्जावर त्यानें डाव्या हातानें, वेड्यावांकड्या अक्षरांत सही केली. माझ्या शाळेंतील एखाद्या मुलानें असें अक्षर काढलें असतें तर मीं त्याला तें पुन्हां काढावयास लावलें असतें. त्या दिवशीं मीं मुकाट्यानें कागदाची घडी घातली.