घरच्या घरी : एक बाजू मुकी

गराज सेलमधून आणलेला जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर लावावा, तर उजवा स्पीकर गातो आणि डावा गप्प! गाणे ऐकू येते, पण तबला गायब. दुरुस्तीला डॉलर मोजण्याआधी दोष कुठे आहे ते आपणच शोधू.

आधी बॅलन्सचे बटण मधोमध आहे ना, ते बघा. मग स्विच बंद करून अ‍ॅम्प्लिफायरमागच्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. तरीही डावाच गप्प? दोष त्या स्पीकरचा किंवा वायरीचा. आता उजवा गप्प झाला? मग वायरी पूर्ववत लावा आणि, पुन्हा स्विच बंद करूनच, प्लेअरकडून येणाऱ्या दोन केबलींची अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला अदलाबदल करा. मुकेपणा उजवीकडे सरकला, तर केबल किंवा प्लेअर बिघडलेला. डावीकडेच राहिला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा.

तरी लगेच टाकून देऊ नका. जुन्या बटणांचे आतले संपर्क काळवंडतात. यंत्र बंद ठेवून प्रत्येक बटण 20-30 वेळा फिरवा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. आवाज वाढवल्यावर डावी बाजू अचानक जागी होत असेल, तर आतला रिले मळलेला असू शकतो. दुरुस्तीवाल्याला तसे सांगा.

झाकण मात्र उघडू नका, असे आम्ही बजावून सांगतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. आणि स्पीकर जोरात घरघरू लागला, तर यंत्र ताबडतोब बंद करा. नाहीतर चांगला स्पीकरही जळेल.