सातच्या आत घरात? आधी कमिटीने यावं!

अहिल्यानगर शहर आणि उपनगरांतल्या सोसायट्या व अपार्टमेंटमधल्या सर्व रहिवाशांसाठी जाहीर पत्रक

वाचा. पटलं तर शेजारच्या फ्लॅटमध्ये द्या. नाही पटलं तर सभेत येऊन भांडा.



लिफ्टशेजारच्या फलकावर एक कागद लागतो. वर ‘सूचना’, खाली ‘आदेशावरून’. मधला मजकूर इमारतीगणिक थोडा बदलतो, मथितार्थ एकच. १३ ते १८ वयाच्या मुलामुलींनी संध्याकाळी ७ नंतर पार्किंग, गेट, जिना, गच्ची इथे थांबू नये, घोळका करू नये, दिसल्यास पालकांना दंड. सही सेक्रेटरींची, शिक्का सोसायटीचा. आमच्या इमारतीतही तो लागला, म्हणून हे पत्रक.

तो कागद नीट वाचा. गोंगाट करू नये असं त्यात म्हटलेलं नाही. काच फोडू नये, सिगारेट ओढू नये, गाड्यांवर बसू नये, असंही नाही. ‘थांबू नये’ एवढंच आहे. म्हणजे गुन्हा काय? तर पंधरा वर्षांचं असणं आणि उभं राहणं. बारा वर्षांचं पोर त्याच जागी सायकल फिरवतं, ते ‘लहान आहे’. पन्नाशीचे काका त्याच बाकावर दहापर्यंत विधानसभेचा निकाल लावत बसतात, ती ‘शतपावली’. मधल्या पाच वर्षांतली मुलं तेवढी संशयित.

आमचं म्हणणं एका ओळीत सांगतो. नियम वागण्याला लावा, वयाला नको. आणि जो लावाल तो आधी स्वतःला लावा.

हा जिल्हा नियमांचाच आहे

आम्ही नियमांच्या विरोधात नाही. नगर जिल्ह्यात राहून कुणी तसं असूही शकत नाही. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, नशाबंदी केली. बोअरचं पाणी शेतीला उपसायचं नाही असं ठरवलं. कुऱ्हाड कुणाची थांबली? ठराव करणाऱ्याची. बोअर कुणाची थांबली? हात वर करणाऱ्या शेतकऱ्याची. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याने नोव्हेंबर २०२४ च्या ग्रामसभेत आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड लावला. त्याच गावाने मुलांच्या मोबाइलवरही संध्याकाळी ७ ते ९ बंधन घातलं. पण मुलांचा मोबाइल काढून घेणाऱ्या मोठ्यांनी स्वतःच्या जिभेलाही दंड लावून घेतला होता, म्हणून त्या बंधनाला वजन आलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली: दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, थोरांचेसुद्धा.

आता आपल्या सोसायटीचा ठराव बघा. तो करणाऱ्यांपैकी एकाही माणसाच्या दिनक्रमात काडीचाही फरक पडला नाही. ज्यांच्या दिनक्रमात पडला त्यांना सभेत यायची मुभा नव्हती आणि मतही नव्हतं. याला शिस्त म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या पानातलं वाढून पुण्य मिळवणं म्हणतात.

लोणी-प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो सर्वांनी मिळून ठरवायचं आणि सर्वांनी मिळून सोसायचं या पायावर. आपली सोसायटीही कागदोपत्री ‘सहकारी’च आहे. नावातला तो शब्द फक्त मेंटेनन्स वसूल करताना आठवू नये.

कागद म्हणजे कायदा नव्हे

कमिटीला नियम करायचा अधिकार आहे, पण त्याला रीत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार उपविधीतली दुरुस्ती निबंधकांकडे नोंदली जाईपर्यंत वैध होत नाही. त्याआधी ती सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमताने मंजूर व्हावी लागते. दंड लावायचा तर आदर्श उपविधींनी क्रम घालून दिला आहे: आधी कारणे दाखवा नोटीस, मग सदस्याचं म्हणणं ऐकणं, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय. रात्री साडेनऊला वॉचमनमार्फत चिठ्ठी पाठवून पैसे मागणं या क्रमात कुठेच बसत नाही. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल, तर तुमचं घोषणापत्र आणि त्यासोबतच्या उपविधी काढून वाचा. बहुतेकांनी फ्लॅट घेतल्यापासून ते उघडलेलं नाही.

खेळ कुठे आणि किती वाजेपर्यंत चालेल, हे सोसायटी जरूर ठरवू शकते. पण खेळाला वेळ ठरवणं वेगळं आणि माणसाला वेळ ठरवणं वेगळं. सातनंतर चेंडू बंद करा, आमची हरकत नाही. सातनंतर पोरगं बंद करू नका.

सूर्य तरी मावळू द्या

जूनमध्ये नगरला सूर्य सातनंतर मावळतो. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी हा नियम मुलांना सूर्याच्याही आधी घरात घेतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, सहापर्यंत पार्किंगच्या फरशीवर पाय ठेववत नाही. मग मुलांनी बाहेर पडायचं कधी?

सावेडीतल्या किंवा केडगावातल्या कुठल्याही दहावी-बारावीच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी क्लास, मग शाळा किंवा कॉलेज, घरी येऊन कसंबसं पोहे खाल्ले की पुन्हा सॅक पाठीवर, कारण संध्याकाळची बॅच. जेईई, नीट, सीईटी, जे असेल ते. तो परत येतो तेव्हा साडेसात वाजलेले असतात. गेटमधून आत आल्यावर सायकलला टेकून मित्राशी दहा मिनिटं बोलणं, एवढीच त्याची दिवसभरातली स्वतःची मिळकत. आपला नियम नेमका तीच जप्त करतो. मग तो वर जातो, खोलीचं दार लावतो आणि स्क्रीन उघडतो. दुसऱ्या दिवशी आपणच सोफ्यावर बसून म्हणतो, ‘हल्लीची पिढी मोबाइलमध्ये तोंड घालून बसते.’ मग काय करावं तिने?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, या वयात रोज सरासरी ६० मिनिटं अंग घामेजेल अशी हालचाल हवी. जगातल्या शाळकरी वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना ती मिळत नाही. आपण त्यात नोटीस काढून भर घालतो आहोत.

‘पण मुलींचं काय?’

हा प्रश्न सभेत सर्वांत आधी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या जिल्ह्यात कोपर्डी आहे. जुलै २०१६ मध्ये तिथे मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर इथल्या प्रत्येक आईबापाच्या पोटात गोळा आला, तो अजून गेलेला नाही. पण आठवा, त्यानंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. त्यांनी ‘मुलींना घरात ठेवा’ असं म्हटलं नाही. गुन्हेगारांना शिक्षा द्या, असं म्हटलं. ती शिक्षा २०१७ मध्ये नगरच्याच सत्र न्यायालयाने सुनावली. समाजाने तेव्हा बोट योग्य माणसाकडे दाखवलं होतं. आपली नोटीस ते मुलींकडे वळवते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

आणि सुरक्षिततेचा हिशोब करायचाच, तर पुरता करू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगते. पॉक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी त्या बालकाच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, घरच्यांचा मित्र. दिव्याखाली, चार जणांच्या नजरेत, मैत्रिणींसोबत उभी असलेली मुलगी धोक्यात आहे आणि बंद दाराआड ती आपोआप सुरक्षित आहे, हे गणित चुकीचं आहे. गेटजवळचा दिवा महिनोन्‌महिने बंद असेल, मागच्या बाजूचा सीसीटीव्ही नुसता शोभेला असेल, तर आधी ते दुरुस्त करा. त्याला मुलींच्या वयाचा दाखला लागत नाही.

नियम चालतो कसा, तेही बघा. मुलगा दिसला तर वॉचमन शिट्टी वाजवतो. मुलगी दिसली तर तिच्या आईला फोन जातो आणि फोनवर सूचनेपेक्षा चारित्र्याची चर्चा जास्त होते. चेअरमनांचा मुलगा असेल तर वॉचमनकाका दुसरीकडे बघतात, कारण त्यांना नोकरी टिकवायची आहे. भाडेकरूचा असेल तर चिठ्ठी. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! ज्या अहिल्याबाईंचं नाव आपण जिल्ह्याला दिलं, त्यांची आख्यायिका आपल्याला पाठ आहे: चौंडीच्या देवळात मल्हाररावांनी त्या मुलीला पाहिलं आणि तिचं तेज ओळखलं. ती मुलगी घराबाहेर होती म्हणूनच दिसली.

तक्रारी खऱ्या आहेत, औषध चुकीचं आहे

वरच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप मोडते, हे खरं. सायलेन्सर काढलेली बुलेट कुणालाच नको. गच्चीवरच्या टाकीमागे सिगारेटची थोटकं सापडतात, हेही खरं. या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र उत्तर आहे. काच फुटली तर भरपाई घ्या. धूर निघाला तर त्या मुलाच्या घरी जाऊन बोला. आवाज झाला तर आवाज थांबवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ आहेच आणि ती चौदा वर्षांच्याला आणि चौसष्टच्याला सारखीच लागू आहे. डोहाळजेवणाचा साउंड, बाराच्या ठोक्याला वाढदिवसाचे फटाके, बेसमेंटमध्ये रिव्हर्स हॉर्नची सनई, हे सगळं तेरा ते अठरा वयाची मुलं करत नाहीत.

वयालाच आरोपी करण्याचा प्रयोग इतरांनी करून पाहिला आहे. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र निघालं. त्याचा टोचरा, उंच पट्टीचा आवाज साधारण पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू येतो. पोरं रेंगाळू नयेत म्हणून ते दुकानांबाहेर लावलं गेलं. मांडीवरच्या तान्ह्या बाळालाही तो आवाज टोचतो, हा विचार नंतरचा. २०१० मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने सार्वजनिक जागांवर त्याला बंदी घालावी अशी शिफारस केली. अमेरिकेत कित्येक शहरांनी किशोरवयीनांवर रात्रीची संचारबंदी लावली. त्यावरचे अभ्यास २०१६ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा तिने गुन्हे कमी होतात असं काही दिसलं नाही.

कुणी आइसलँडचं उदाहरण देईल. तिथे मुलांच्या बाहेर राहण्याला वेळेची मर्यादा आहे, कबूल. पण १३ ते १६ वयाला ती हिवाळ्यात रात्री १० आणि उन्हाळ्यात १२ ची आहे. शिवाय रेक्याविक शहर प्रत्येक मुलामागे खेळ आणि छंदासाठी दरवर्षी अनुदान देतं. आपण काय दिलं? बिल्डरच्या माहितीपत्रकातलं ‘क्लब हाउस’ कुलपात आहे आणि बागेच्या जागी तिसऱ्या रांगेचं पार्किंग झालं आहे.

नेवाशाचा खांब

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशात एक मुलगा खांबाला टेकून बोलत होता आणि भोवती माणसं जमली होती. परंपरा त्याचं वय तेव्हा पंधरा-सोळाच्या आसपास सांगते. संन्याशाची पोरं म्हणून त्याला आणि त्याच्या भावंडांना आधी मोठ्यांनी वाळीत टाकलं होतं. तो खांब आज आपण हात जोडून बघतो. पार्किंगच्या खांबाला टेकलेलं प्रत्येक पोर ज्ञानदेव होणार नाही, हे आम्हालाही कळतं. ते बहुधा आयपीएलवरून भांडत असेल. भांडू द्या. बोलायला, ऐकायला, हरायला आणि मिटवायला माणूस याच वयात आणि अशाच जागी शिकतो. ते चौथ्या मजल्यावर पार्सलने येत नाही.

आमच्या मागण्या

१. वयावर आधारलेली वेळेची बंदी ताबडतोब मागे घ्यावी. घेतलेला दंड पुढच्या मेंटेनन्समध्ये वळता करावा.

२. आवाज, नुकसान, धूम्रपान, वाहनं यांचे नियम सर्व वयांना सारखे असावेत आणि रीतसर सभेत मंजूर व्हावेत.

३. रात्री दहापर्यंत बसायला एक उजेडाची जागा ठरवावी. बाक, दिवा, पाणी आणि चालू सीसीटीव्ही, एवढं पुरे.

४. मुलांशी संबंधित प्रत्येक ठरावाआधी मुलांची बैठक घ्यावी. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. मुलांचं म्हणणं ऐकलं जाणं, त्यांनी एकत्र जमणं आणि खेळणं, हे तिन्ही हक्क तिच्यात आहेत. गावोगावी ग्रामपंचायती बालसभा घेतात. सोसायटीला ते जड जाऊ नये.

५. वॉचमनकाकांना मुलांचा पहारेकरी करू नये. त्यांना गेट सांभाळायला ठेवलं आहे.

तुम्ही काय करू शकता

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, असं लेखी पत्र सेक्रेटरींना द्या आणि पोच घ्या. विषय घेतला नाही, तर आदर्श उपविधींनुसार एक पंचमांश सदस्यांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत आठ सह्या. तेवढ्याही जमल्या नाहीत, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करा. सभेला मात्र या. ‘आम्ही कशाला वाईट व्हायचं’ म्हणून घरी बसणाऱ्यांच्या जिवावरच असे ठराव एकमताने मंजूर होतात.

आणि हे पत्रक घरातल्या पंधरा वर्षांच्या माणसाला आधी वाचायला द्या. चूक त्याला दिसली तर तीही लिहून पाठवू द्या. पुढच्या पत्रकात छापू.

आपल्याच इमारतींमधले काही पालक, आजी-आजोबा आणि भाडेकरू
सावेडी–केडगाव, अहिल्यानगर